गाव शेतात जातं तेव्हा

६ मे २०२०, बुधवार. वैशाख शुद्ध चतुर्दशी, म्हणजे नृसिंह जयंती. एरवी या दिवशी पोखर्णीत पाय ठेवायला जागा नसते. परभणीहून गाड्या भरून येतात, गंगाखेडकडून लोक येतात, परभणी–परळी मार्गावरच्या ‘पोखर्णी नृसिंह’ या छोट्या स्थानकावर उतरून बायाबापड्या लेकरांना कडेवर घेऊन देवळाकडे चालू लागतात. आज रूळ रिकामे आहेत. कोरोनाची टाळेबंदी आहे; प्रवासी गाडी धावून महिना उलटून गेला आहे.

तुम्ही मोटारसायकलवर आहात. पुण्याजवळच्या चाकणची कंपनी बंद पडली, खोलीवाल्यानं भाड्यासाठी दोनदा दार वाजवलं आणि तुम्ही निघालात. नगर, पाथर्डी, माजलगाव, पाथरी, मानवत. जिथं पोलिसांचा नाका लागेल असं वाटलं तिथं गाडी शेतातून काढलीत. उन्हानं डोळे चुरचुरताहेत. तोंडाला बांधलेला गमजा घामानं ओला झालाय. गंगाखेड रस्ता सोडून गावाकडे वळलात आणि ब्रेक दाबावा लागला. वाटेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्यात. त्यांच्या पलीकडे एक बैलगाडी जू खाली टेकवून आडवी लावलीय. गाडीच्या सावलीत चार जण बसलेत. त्यातले दोघं तुमच्याच वर्गातले.

“कुठून आलास?”

त्यांना माहीत आहे तुम्ही कुठून आलात. तरी विचारतात, कारण आज तो प्रश्न नावासारखा आहे. ‘चाकण’ म्हटल्याबरोबर दोघं दोन पावलं मागं सरतात.

“गावात नको येऊ बाबा. शाळेत थांब. चौदा दिवस.”

राग येतो. इथंच जन्मलात, याच रस्त्यावर सायकल शिकलात, या शिवारात तुमच्या घरची तीन एकर काळी जमीन आहे. आणि आज काट्यांच्या पलीकडे बसलेला मित्र सांगतो की तुम्ही बाहेरचे. मला मात्र त्या चौघांना निर्दयी म्हणवत नाही. परभणी जिल्ह्यात एप्रिलच्या मध्यापर्यंत एकही रुग्ण नव्हता. मोठं रुग्णालय म्हणावं तर जिल्ह्याच्या गावाला, अठरा-वीस किलोमीटरवर. आजार येणार तो पुण्या-मुंबईच्या वाटेनं, आणि त्याच वाटेनं गावची लेकरंही येणार, हे प्रत्येकाला दिसत होतं. लेकरू आणि धोका एकाच गाडीवर बसून आले तर शिवेवरच्या माणसानं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा. तुमच्याआधी आलेले काही जण आपापल्या सतरंज्या लांब लांब टाकून पडलेत. आशाताई येतात, लांबूनच नाव लिहून घेतात, खोकला आहे का विचारतात. संध्याकाळी आई येते. फाटकाशी थांबते. फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि ठेचा जमिनीवर ठेवते, मागं सरकते, मग तुम्ही पुढं होऊन उचलायचं. “तिथंच थांब लेकरा, मी खाली ठिवते,” एवढंच बोलते. घर इथून हाकेच्या अंतरावर आहे. तुळशीवृंदावनाचा कोपरा दिसतो. चाकणहून जेवढं लांब वाटत नव्हतं तेवढं ते घर आज लांब आहे.

नृसिंहाचं देऊळही आज असंच लांब. हेमाडपंती बांधणीचं, जुनं. गाभाऱ्यात जायचं तर लहानशा दारातून वाकूनच जावं लागतं. एका वेळी एकच माणूस, पुढच्याच्या पाठीला लागून. गर्दीची ऊब हाच त्या दर्शनाचा अर्धा भाग. आज जन्माची वेळ होते, आत पुजारी पूजा करतो, आणि बाहेर कुणी नाही. राज्यातली देवळं अशीच बंद राहणार आहेत, १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडेपर्यंत. आषाढात संतांच्या पादुका एसटीतून पंढरपूरला जातील. शेगावहून निघून परभणी, गंगाखेड करत पुढं परळीकडे जाणारी गजानन महाराजांची पालखी यंदा आणि पुढच्या वर्षीही पायी येणार नाही. ज्या रस्त्यावर लोक दरवर्षी सडा-रांगोळी घालतात, तो दोन वर्षं नुसता डांबराचा रस्ता होईल.

रात्री झोप लागत नाही. रूळ शांत आहेत. हेच रूळ परभणीला मोठ्या मार्गाला मिळतात आणि तिथून जालना, औरंगाबाद, मनमाडकडे जातात. अजून दोन दिवसांनी, ८ मेच्या पहाटे, त्याच मार्गावर बदनापूर आणि करमाडच्या मध्ये सोळा मजूर मालगाडीखाली जातील. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशचे. भुसावळला गाडी मिळेल या आशेनं रुळांवरून चालत निघालेले. गाड्या बंद आहेत असं समजून ते रुळांवरच पाठ टेकतील. देशभर रस्ते अडवले होते, म्हणून त्यांनी रूळ धरले. त्या पहाटे त्यांच्याजवळ पडलेल्या भाकऱ्यांची छायाचित्रं तुम्ही मोबाइलवर पाहाल आणि समोरच्या फडक्यातली भाकरी तुमच्या घशाखाली उतरणार नाही.

शाळेच्या भिंतीवर कलेक्टरसाहेबांचा आदेश चिकटवलाय. तुम्ही मोबाइलच्या उजेडात वाचता: साथरोग प्रतिबंधक अधिनियम, १८९७. महाराष्ट्रानं हा कायदा १३ मार्च २०२० ला लागू केला. सव्वाशे वर्षांपूर्वीचा कागद तुम्हाला या व्हरांड्यात बसवून आहे. त्या आकड्याला धरून मागं चला.

विसाव्या शतकाची पहिली वर्षं. हिवाळा. तुमच्या पायात वहाण आहे, अंगावर घोंगडी. परभणी निजामाच्या राज्यात आहे, त्यामुळे इंग्रजांचा तो कायदा इथं जसाच्या तसा चालत नाही; पण ज्या आजारासाठी तो केला गेला, तो आजार सरहद्द विचारत नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मुंबई रिकामी होऊ लागली, लोक गाड्या-बोटींनी गावोगाव पांगले, आणि त्यांच्या सामानातून, धान्याच्या पोत्यांतून प्लेग निघाला. पुण्यात मार्च १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. मराठवाड्याला आधीच दुष्काळानं खाल्लं होतं. १८९१ ला परभणी जिल्ह्यात आठ लाखांवर माणसं मोजली गेली, १९०१ ला साडेसहा लाखांच्या आसपास. जी उरली त्यांच्या दारात आता गाठीचा ताप.

सकाळी बळदाजवळ एक उंदीर मरून पडलेला दिसतो. तुमची आजी तो पाहते आणि काहीच बोलत नाही. कांबळं, जातं, दोन मडकी, तवा, देवघरातले टाक एवढं बाहेर काढते. गावाला नियम माहीत झालाय: उंदीर पडला की घर सोडायचं. पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं होतं की प्लेग उंदराच्या पिसवा माणसापर्यंत पोचवतात. ते मानायला जगातल्या डॉक्टरांनाही काही वर्षं लागली. तुमच्या आजीला पिसवांचं माहीत नाही. तिला घराचं माहीत आहे. मातीच्या जाड भिंती, माळवदाची खोली, अंधारं बळद, जमिनीखालचं पेव. जे धान्य दुष्काळात जीव वाचवतं, त्याच्याभोवतीच मरण फिरतंय. घर हीच धोक्याची जागा झालीय.

म्हणून गाव उठतं. बैलगाड्या भरतात. एक-एक कुटुंब आपल्या शेतावर जातं, आखाड्याशेजारी, म्हणजे शेतावरच्या गोठ्याशेजारी, तुराट्या-कडब्याची खोप घालतं. उभ्या ज्वारीत माणसांचा आवाज येतो. रात्री काळ्या रानावर ठिकठिकाणी शेकोट्या दिसतात आणि तुम्हाला पहिल्यांदाच कळतं की आपलं गाव किती मोठं आहे. गावठाणात घरं भिंतीला भिंत लावून होती. आता ती शिवारभर विखुरली आहेत, तरी प्रत्येक शेकोटी कुणाची ते तुम्हाला बसल्या जागेवरून सांगता येतं. बारसं शेतात, तेरावं शेतात. शाळू पोटऱ्यात येतो, हुरड्याला येतो, आणि लेकरं हुरडा खाता खाता विसरतात की आपण पळून आलोय. गावात फक्त कुत्री, आणि सांजवेळी देवळात दिवा लावायला जाणारा एखादा.

मी सगळं गोड रंगवलं असेल तर थांबा आणि ओढ्याकडे बघा. तिकडे गायरानाच्या कडेला, खडकाळ माळावर आणखी खोपी आहेत. ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांच्या. दुसऱ्यांच्या शेतात राबणाऱ्यांना दुसऱ्याच्या शेतात खोप घालू दिली गेली नाही. तिथं विहीर नाही, वारा अडवायला पीक नाही. पाण्यासाठी बाया दुसऱ्याच्या विहिरीवर जातात आणि कुणीतरी ओंजळीत ओतून देईपर्यंत लांब उभ्या राहतात. गाव सोडून सगळेच गेले, पण सगळ्यांना जायला जागा नव्हती. हे तेव्हाही खरं होतं.

शिवेवर आणखी एक गोष्ट चालते. मरीआईचा गाडा येतो. लहानसा लाकडी गाडा, हळदीकुंकू, लिंबू, चोळीचा खण. वाजतगाजत तो शिवेपर्यंत ओढत न्यायचा आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचा. पुढचं गाव तो त्याच्या पुढच्या शिवेवर पोचवील. आपल्यावरचं संकट शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवताना हात जोडलेले असत, डोळे मिटलेले असत. त्यात दुष्टपणा नव्हता, भीती होती. २०२० मधल्या बाभळीच्या फांद्या आणि हा गाडा, दोन्हींमध्ये शिवेवरचा माणूस तोच आहे.

उन्हाळा तापतो. कोरड्या उन्हात पिसवा तगत नाहीत, प्लेग ओसरतो. घरं सारवून, धूप घालून लोक परत येतात. काही घरं सारवायला कुणी उरलेलं नसतं.

आता थोडं पुढं. ऑक्टोबर १९१८. परळीचा फाटा अजून झालेला नाही, रेल्वे परभणीवरूनच जाते. मनमाड-सिकंदराबाद मार्ग सुरू होऊन अठरा-एक वर्षं झालीत. यंदा पाऊस दगा देऊन गेला. खरीप करपलं, रब्बीच्या पेरणीला ओल नाही. जूनमध्ये मुंबई बंदरात उतरलेला ताप सप्टेंबरात दुसऱ्यांदा, कितीतरी जहाल होऊन परत आलाय आणि रेल्वेनं, टपालानं, बाजारकरूंनी आतपर्यंत पोचलाय. लोक त्याला मानमोडी म्हणतात.

तुम्ही तिशीचे आहात, धडधाकट. सकाळी डोकं जड, दुपारी मान उचलवत नाही, रात्री छातीत घुरघुर. गावाला प्लेगची आठवण ताजी आहे, म्हणून गाव तेच करतं जे त्याला येतं: गाड्या जुंपून शेतात. तुम्हालाही गाडीत घालून आखाड्यावर आणून टाकतात. पण या वेळी शेत वाचवत नाही. हा आजार भिंतीत नाही, बळदात नाही, श्वासात आहे. जिथं माणूस जाईल तिथं तो आपल्या छातीतून घेऊन जातो. शेजारच्या खोपीतून रडण्याचा आवाज येतो, मग तोही थांबतो. चार खांदेकरी मिळत नाहीत. गंगाखेडची गंगा, म्हणजे गोदावरी, जवळ असून तिथं न्यायला कोण आहे? देवळात जायचं म्हटलं तर तिथंही माणसं. घर नको, शेत नको, देऊळ नको. जगात सुरक्षित अशी जागाच नाही, हे मानमोडीनं पहिल्यांदा शिकवलं, आणि मला वाटतं, म्हणूनच गावं तिला इतक्या पटकन विसरली. प्लेगच्या सालच्या गोष्टी आजोबा सांगत, कारण त्या गोष्टीत काहीतरी करता येत होतं, गाड्या जुंपता येत होत्या. मानमोडीच्या गोष्टीत करण्यासारखं काही नव्हतं.

ती सगळ्यात जास्त घेऊन गेली ती वीस ते चाळीस वयाची माणसं, आणि त्यातही बाया. आजाऱ्याच्या उशाशी त्याच बसल्या होत्या. हिंदुस्थानात एक कोटीहून कितीतरी अधिक माणसं त्या काही महिन्यांत गेली. १९११ ते १९२१ हे देशाच्या जनगणनेतलं एकच दशक, जेव्हा लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. निजामाच्या राज्यात १९११ ला सुमारे १ कोटी ३३ लाख माणसं होती, १९२१ ला १ कोटी २४ लाख. घटीत दुष्काळाचा आणि प्लेगचाही वाटा आहे. जिल्ह्यात या मेलेल्यांसाठी उभारलेला एखादा दगड शोधू नका. तुमच्या पणजोबांनी दुसरं लग्न का केलं, एखादी आत्या आजोळीच का वाढली, अशा घरातल्या प्रश्नांच्या मागं मात्र ते वर्ष उभं असतं.

परत या, पण २०२० च्या एप्रिलला थोडं थांबून. या वेळी तुम्ही चाकणचे नाही. तुम्ही ऊसतोड कामगार आहात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेऊन दसऱ्यानंतर निघालात, कारखान्याच्या अड्ड्यावर पाचटाच्या कोपीत सहा महिने काढलेत. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या भागांतून दरवर्षी टोळ्या अशाच जातात. देश बंद झाला तेव्हा राज्यात एक लाखाहून अधिक ऊसतोड कामगार कारखान्यांच्या आवारात अडकले होते. सगळ्यांना घरात बसा असं सांगितलं जात होतं. तुमच्यापुढं कोपी होती, वर पाचट, शेजारी दुसरी कोपी लागून. १७ एप्रिलला सरकारनं परत पाठवायची परवानगी दिली. तपासणी झाली, ट्रॅक्टर-ट्रक निघाले. आणि आपल्या गावाच्या शिवेवर तुम्ही पुन्हा उभे. मागं कोपी मोडलेली, पुढं बाभळीच्या फांद्या.

इथं सगळा फरक पडतो तो एका प्रश्नावर: शेत आहे का?

शेत असलेला माणूस म्हणतो, “बरं, मी आखाड्यावर राहतो चौदा दिवस.” गडी, बायको, लेकरं आखाड्यावर जातात. विहीर आहे, झाड आहे, पत्र्याचं शेड आहे. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या लाटेत मराठवाड्यात कितीतरी घरांनी हेच केलं. तेव्हा कुणी पणजोबांची गोष्ट आठवून दिली नव्हती, तरी पाय आपोआप तिकडे वळले. काहींना तर शेत नव्यानं कळलं. शहरात दहा बाय दहाच्या खोलीत राहिलेल्या पोरांनी पहिल्यांदा पूर्ण पेरणी पाहिली, मोबाइलला रेंज मिळावी म्हणून लिंबाच्या झाडाखाली शाळा भरवली, पन्नास माणसांतली लग्नं आखाड्याच्या अंगणात लागली. गावठाणात गजबजून राहणं ही सवय आहे आणि शिवार हे त्याच गावाचं मोठं, मोकळं अंग आहे, ही जाणीव मला त्या दोन वर्षांची सगळ्यात खरी कमाई वाटते.

ज्याला शेत नाही तो शाळेत. व्हरांडा भरला की अंगणवाडीत. तीही भरली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली, माळावर, ताडपत्रीच्या आडोशाला. एका घरात सात माणसं आणि एकच खोली असेल तर ‘घरीच अलग राहा’ या सूचनेचा अर्थ काय? हातावर शिक्का मारता येतो, पण त्या हातासाठी वेगळी खोली तर हवी. मे २०२१ मध्ये, नृसिंह जयंतीला देऊळ दुसऱ्यांदा बंद होतं, तेव्हा आजार बाहेरून येणार नव्हता, तो गावातच होता. शिवेवरच्या फांद्या केव्हाच चुलीत गेल्या होत्या. त्या वेळी माणसं पुन्हा दोन गटांत विभागली: ज्यांना गावाबाहेर जायला स्वतःची जागा होती ते, आणि ज्यांना नव्हती ते. शंभर वर्षांत घरं पक्की झाली, वीज आली, १९४८ मध्ये निजाम गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. ही एक विभागणी मात्र हलली नाही.

एप्रिल २०२२ मध्ये उरलेसुरले निर्बंध उठले आणि १४ मे २०२२ ला, शनिवारी, नृसिंह जयंतीला देवळात पुन्हा माणसांचा लोंढा लागला. वाकून, पुढच्याच्या पाठीला लागून लोक त्या लहान दारातून आत गेले. शेगावची पालखीही त्या वर्षी पायी निघाली. आता पोखर्णीला गेलात तर त्या दोन वर्षांची एकही खूण दिसणार नाही. शाळेच्या व्हरांड्यात पोरं पाढे म्हणतात. आखाड्यांना पुन्हा कुलपं.

म्हणून तुम्हाला, जे या गावचे आहेत किंवा अशाच एखाद्या गावचे आहेत, दोन गोष्टी मागायच्या आहेत. पहिली सोपी आहे. २०२० आणि २०२१ मध्ये तुमच्या घरचं कोण कुठं राहिलं, शाळेत की आखाड्यावर की माळावर, भाकरी कुणी आणून दिली, शिवेवर कोण बसलं होतं, कोण गेलं आणि त्याला कुठं नेलं, हे एका वहीत लिहून काढा. तारखा घाला. ती वही ग्रामपंचायतीत किंवा शाळेत ठेवा. मानमोडीच्या वेळी ती कुणी लिहिली नाही, म्हणून आपल्याला सगळं पुन्हा अंधारात चाचपडावं लागलं.

दुसरी अवघड आहे. गावचं गायरान कुणाच्या घशात जात असेल तर ग्रामसभेत उभे राहा आणि ते थांबवा. त्यावर एक हातपंप, दोन-चार पत्र्याच्या खोल्या आणि संडास बांधून घ्या, आणि ते गावात जमीन नसलेल्यांसाठी आहेत असं ठरावात लिहून घ्या. पुढची साथ येईल तेव्हा ठराव करायला वेळ मिळणार नाही.